नव्या गाडीचं ॲव्हरेज आणि जिल्ह्याचं ॲव्हरेज

‘किती देते?’ या दोन शब्दांत काय विचारलंय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उत्तरही एका आकड्यात येतं. बाइक असेल तर पन्नास-पंचावन्न, छोटी कार असेल तर अठरा-वीस. पण हाच प्रश्न एका गाडीऐवजी अख्ख्या जिल्ह्याला किंवा राज्याला विचारला, की पहिली गडबड बेरजेतच होते.

एक गाडी लिटरला २० किलोमीटर देते, दुसरी १०. दोघींची सरासरी किती? पटकन कुणीही १५ म्हणेल. आता दोन्ही गाड्या शंभर-शंभर किलोमीटर पळवा. पहिलीने ५ लिटर जाळलं, दुसरीने १०. दोघींचं मिळून अंतर २०० आणि तेल १५ लिटर. सरासरी आली १३.३. म्हणजे जास्त पिणारी गाडी सरासरी आपल्याकडे ओढते. म्हणून या विषयात काम करणारे लोक किलोमीटर प्रतिलिटर हे माप बाजूला ठेवून ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असं उलटं माप धरतात. त्याची सरासरी सरळ काढता येते. पाच आणि दहा, मध्ये साडेसात. १०० भागिले साडेसात केलं, की पुन्हा तेच १३.३.

हे उलटं माप एकदा अंगवळणी पडलं, की आणखी एक भ्रम फुटतो. वडापची जीप ८ वरून १० वर आली आणि कुणाची बाइक ५० वरून ६० वर गेली, तर कौतुक बाइकचं होईल. हजार किलोमीटरचा हिशोब मांडा. जीपचं डिझेल १२५ लिटरवरून १०० वर आलं, २५ लिटर वाचले. बाइकचं पेट्रोल २० वरून १६.७ वर आलं, वाचले सव्वातीन लिटर. तेल वाचवायचं असेल तर लक्ष द्यायला हवं ते खालच्या आकड्यांकडे, म्हणजे ट्रक, जीप, टेम्पो, जुन्या डिझेल गाड्या यांच्याकडे. जाहिराती मात्र बरोबर उलट्या टोकाच्या असतात.

आता काळाचा भाग. नव्या गाड्या सुधारल्या, की रस्त्यावरची सरासरी लगेच सुधारेल असं वाटतं, पण तसं होत नाही. एक कल्पित गाव घेऊ. गावात १,००० कार, सगळ्यांची सरासरी लिटरला १५. दरवर्षी ३० जुन्या गाड्या भंगारात जातात आणि ७० नव्या येतात. नवी गाडी देते २०. एका वर्षाने गावात ९७० जुन्या आणि ७० नव्या झाल्या. सगळ्या सारख्याच पळतात असं धरलं, तर नवी सरासरी येते १५.२६. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा ३३ टक्के चांगली असूनही गावाचं ॲव्हरेज हललं फक्त पावणेदोन टक्के. दहा वर्षांनी ७०० जुन्या, ७०० नव्या. सरासरी १७.१.

याच गावातल्या पंपमालकाला विचाराल, तर त्याची विक्री पहिल्याच वर्षी सव्वादोन टक्क्यांनी आणि दहा वर्षांत साडेबावीस टक्क्यांनी वाढलेली असेल. ॲव्हरेज सुधारलं तरी तेल जास्त जळलं, कारण गाड्याच वाढल्या. वर्तमानपत्रांत या दोन गोष्टींची कायम गल्लत होते. ‘इंधनाची विक्री वाढली’ याचा अर्थ ‘गाड्या जास्त पितात’ असा होत नाही, आणि ‘गाड्या कमी पितात’ म्हणून विक्री घटेल असंही नाही.

या गणितात एक गोष्ट मुद्दाम सोपी ठेवली होती, ती म्हणजे सगळ्या गाड्या सारख्या पळतात. खऱ्या आयुष्यात नवी गाडी नागपूर-पुणे करते आणि जुनी गाडी भाजी आणायला जाते. नव्या ७०० गाड्या वर्षाला १२,००० किलोमीटर आणि जुन्या ७०० गाड्या ६,००० किलोमीटर धावतात असं धरलं, तर गावाची सरासरी १७.१ ऐवजी नेमकी १८ येते. म्हणून हिशोब करायचा तो गाड्यांच्या संख्येवर नव्हे, त्या किती किलोमीटर धावतात त्यावर. अंगणात आच्छादनाखाली झोपलेली गाडी सरासरीला ना मारते ना तारते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. खासगी कारचं पासिंग १५ वर्षांचं. मुदत संपली की तपासणी करून, पर्यावरण कर भरून ते आणखी ५ वर्षांसाठी वाढवता येतं, आणि बरेच लोक ते वाढवतात. त्यामुळे खासगी गाड्या हळूहळू गळतात. मुंबईतल्या टॅक्सीला मात्र २० वर्षांची कडक मर्यादा आहे. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २० वर्षं भरताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, फोटो काढले, ते ठीकच. पण हिशोबाच्या नजरेने पाहिलं तर दिवसभर फिरणारी गाडी बदलली, की संख्येने तेवढ्याच खासगी गाड्या बदलण्यापेक्षा शहराची सरासरी कितीतरी जास्त हलते. त्याआधी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणल्या गेल्या, तेव्हाही असंच झालं होतं. थोड्या गाड्या, पण धाव मोठी.

मग नवी गाडी सुधारते कशी? स्वस्त तेलाच्या काळात ती आपोआप सुधारत नाही, कुणाला तरी मागे लागावं लागतं. भारतात १९८० च्या दशकात दुचाकीत मोठी उडी झाली ती इंजिन बदलल्यामुळे. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यातून बाहेर पडायचा. १०० सीसीच्या फोर-स्ट्रोक बाइक आल्या आणि ती गळती थांबली. कारच्या बाबतीत नियमाचा रेटा आला तो २०१७-१८ पासून. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी काढायची आणि ती मर्यादेत बसवायची, असा हा नियम आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या आणि चालकासह नऊपर्यंत आसनं असलेल्या गाड्यांना तो लागू होतो. पहिल्या टप्प्यात मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास होती, २०२२-२३ पासून ती ११३ झाली. पेट्रोलच्या भाषेत सांगायचं तर १०० किलोमीटरला ५.४९ लिटरवरून ४.७७ लिटरवर, म्हणजे लिटरला साधारण १८.२ वरून २१ वर.

यात एक खोच आहे. मर्यादा सगळ्यांना सारखी नाही, ती वजनावर सरकते. दुसऱ्या टप्प्याचं सूत्र असं: कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनातून ११४५ किलो वजा करा, आलेल्या आकड्याला ०.००२ ने गुणा आणि त्यात ४.७६९४ मिळवा, की १०० किलोमीटरला किती लिटर चालतील ते येतं. सरासरी ९०० किलोच्या छोट्या गाड्या विकणाऱ्या कंपनीला लिटरला सुमारे २३.४ गाठावं लागतं. सरासरी १४०० किलोची कंपनी १८.९ वर सुटते. म्हणजे गाडी जड केली तर माप थोडं ढिलं होतं. शिवाय इलेक्ट्रिक कार विकली तर ती हिशोबात एकाऐवजी तीन धरली जाते, प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेली) अडीच आणि स्ट्राँग हायब्रिड (बॅटरीवरही चालणारी, पण बाहेरून चार्ज न होणारी) दोन. त्यामुळे कागदावरची सरासरी रस्त्यावरच्या सरासरीपेक्षा देखणी दिसते. नवं तंत्र बाजारात यावं म्हणून दिलेली ही सवलत आहे हे कळतं, पण आकडा वाचताना ती मनातल्या मनात वजा करायला हवी.

अमेरिकेने असा नियम १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ साली केला. तिथे कार आणि हलके ट्रक यांना वेगवेगळी मापं होती. पुढे काय झालं? एसयूव्ही हलक्या ट्रकांत मोडत असल्याने त्यांना सैल माप मिळालं आणि बाजार तिकडे सरकला. आपल्याकडे २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना कमी कर लावला. लांबी मोजली, उंची नाही. आज चार मीटरच्या आत उंच, चौकोनी एसयूव्हीची रांग लागली आहे. हवेचा विरोध गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेलात तर तो दीडपटीहून थोडा जास्त होतो. शहरात हे जाणवत नाही, द्रुतगती मार्गावर टाकीचा काटा ते लगेच सांगतो. इंजिनाने जे कमावलं, त्यातला बराच वाटा वजन आणि उंची खाऊन टाकतात.

माहितीपत्रकातला आकडा आणि आपला आकडा जुळत का नाही, हे गाऱ्हाणं जुनं आहे. तो आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. आपल्याकडच्या ठरलेल्या चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ, सुमारे साडेदहा किलोमीटर चालवतात. कमाल वेग ९०. एसी बंद. घाट नाही, खड्डा नाही, मागे चार माणसं आणि टपावर सामान नाही. जळालेलं तेल मोजतात तेही टाकीतून नव्हे. धुराड्यातून आलेला वायू गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळालं ते काढतात. दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत उत्तम, कारण दोघींना परीक्षा एकच. पण महिन्याचं बजेट त्यावर बांधू नये.

स्वतःच्या गाडीचा खरा आकडा हवा असेल तर टाकी-टू-टाकी मोजावं, आणि ते नीट मोजावं. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि तिथेच थांबा. ‘अजून थोडं मारतो’ म्हणून कडेपर्यंत भरलं, तर पेट्रोल वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं. तो डबा खराब होतो आणि मोजमापही. ट्रिप मीटर शून्य करा. निदान ३००-४०० किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलवर, तितक्याच सपाट जागी पुन्हा भरा. दुचाकी दोन्ही वेळा मधल्या स्टँडवर उभी करा. बाजूच्या स्टँडवर टाकी कलते आणि पाव-अर्धा लिटर इकडचं तिकडे होतं. ४१२ किलोमीटरला २३.४ लिटर गेले तर १७.६. असं तीन-चार वेळा करा आणि शेवटी सगळे किलोमीटर एकत्र करून सगळ्या लिटरांनी भागा. चार ॲव्हरेजची सरासरी काढू नका, नाहीतर सुरुवातीला सांगितलेली चूक इथे पुन्हा घडते.

आकडा अचानक दोन-तीनने घसरला तर आधी टायरची हवा बघावी, तीही सकाळी टायर थंड असताना. गाडी चालवून आल्यावर हवा तापलेली असते आणि कमी असलेली हवा बरोबर दिसते. मग बघावं, एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम होतंय का. होत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाही, गाडी दिवसभर ब्रेक लावूनच पळते आहे. पेट्रोल कारमध्ये सहज निसटणारं कारण थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड करणारं पाणी अडवणाऱ्या झडपेचं. तो उघडाच अडकला, तर इंजिन कधी नीट तापत नाही आणि संगणक ते थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मध्यावर येत नसेल तर संशय घ्यायचा. बाइकची चेन कोरडी किंवा फार ताणलेली असणं, क्लचला मोकळीक न उरणं, ही साधी कारणं. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या डिझेल गाडीचं दुखणं वेगळं. धुराड्यातल्या जाळीत साचलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून जास्तीचं डिझेल वापरते, आणि त्यासाठी तिला काही वेळ सलग वेगात चालावं लागतं. रोज तीन किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्या गाडीत हे काम सुरू होतं आणि अर्धवट राहतं. पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. ॲव्हरेज पडतं, पुढे जाळीही तुंबते. अशा वापराला डिझेल गाडी घेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत.

गाडी तीच, चालवणारा तोच, तरी आकडा बदलण्याचं आणखी एक कारण आहे. लिटरच बदललेला असतो. २०१४ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल दीड टक्क्याच्या आसपास होतं, जून २०२२ पर्यंत ते १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २०. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. २०२१ च्या सरकारी आराखड्यातच म्हटलं होतं, की २० टक्के मिश्रणावर शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, दुचाकींचं ३ ते ४ टक्के आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० वर जुळवलेल्या चारचाकींचं १ ते २ टक्के घटेल. नव्या इंजिनात घट कमी, कारण इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा गुण) जास्त असल्याने इंजिनातला दाब वाढवून थोडं परत मिळवता येतं. उसाच्या पट्ट्यात या विषयावर तावातावाने बोललं जातं. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा उचलतात, आणि तो कुठल्या गाडीचा हे सांगत नाहीत.

हाच लिटरचा घोळ इतर इंधनांतही आहे. डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, म्हणून डिझेल गाडीचा आकडा जितका मोठा दिसतो तितकी ती गुणी नसते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले, पुढे २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि छोट्या कारमधून डिझेल जवळपास गेलंच. त्या बदलाने नव्या गाड्यांचं ‘लिटरला किलोमीटर’ खाली ओढलं गेलं, गाड्या बिघडल्या म्हणून नव्हे. सीएनजी तर किलोने मिळतो. एका किलोत साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा. किलोला २७ देणारी गाडी ऊर्जेच्या हिशोबाने पेट्रोलवर १८ देणाऱ्या गाडीसारखीच. फायदा असतो तो दरातला.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. एका शहरात १,००० वाहनं, ८०० दुचाकी लिटरला ५० देणाऱ्या आणि २०० कार १५ देणाऱ्या. धाव सारखी धरली तर शहराची सरासरी ३४.१. काही वर्षांत दोन्ही प्रकार १० टक्क्यांनी सुधारले, दुचाकी ५५ आणि कार १६.५. पण दरम्यान १०० घरांनी स्कूटर विकून कार घेतली. ७०० दुचाकी, ३०० कार. सरासरी आली ३२.४. प्रत्येक वाहन सुधारलं आणि शहर मात्र घसरलं! पाऊसपाणी, लहान मुलं, म्हातारे आईवडील असताना कार घेणाऱ्याला दोष कोण देणार? पण आकडा वाचताना आतली सरमिसळ बघावीच लागते. ट्रकमध्ये उलटी गंमत आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसाप्रति (ॲक्सलप्रति) वजनाची मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. कायदेशीर भारच वाढल्याने लिटरला किलोमीटर थोडे कमी झाले, पण तेवढ्याच डिझेलमध्ये माल जास्त पोचला. बसचंही तसंच. लिटरला चार-पाच किलोमीटर ऐकून नाक मुरडू नये. पन्नास माणसं घेऊन लिटरला चार म्हणजे माणशी हिशोब दोनशेचा. अठरा देणाऱ्या कारमध्ये एकटा माणूस असेल तर तो अठराच.

एखाद्या जिल्ह्याचा आकडा प्रत्यक्ष काढायचा तर दोन वाटा आहेत. एक, वाहन नोंदणीतून गाड्या मोजायच्या, वयोगट पाडायचे, प्रत्येक गटाची धाव आणि ॲव्हरेज लावायचं. यात अडचण अशी, की मेलेली वाहनं नोंदणीतून निघत नाहीत. कर एकरकमी भरलेला, गाडी गॅरेजमागे गंजतेय, नोंद रद्द करायला कोण जातो? तीस वर्षांपूर्वीची लूना कागदावर ठणठणीत जिवंत असते. म्हणून विमा आणि पीयूसी चालू असलेल्या गाड्याच धरणं बरं. दुसरी वाट पंपांवरच्या विक्रीची. ती नेमकी असते, पण कोणाची ते कळत नाही. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, त्यामुळे सावंतवाडी-बांद्याकडच्या गाड्या पलीकडे जाऊन टाकी भरतात. धाव सिंधुदुर्गात, विक्री गोव्यात. कागदावर सिंधुदुर्गातल्या गाड्या फारच काटकसरी ठरतील आणि उत्तर गोव्यातल्या उधळ्या. डिझेलमध्ये तर ट्रॅक्टर, जनरेटर, मच्छीमार बोटी सगळं मिसळलेलं. म्हणून पेट्रोलचा हिशोब डिझेलपेक्षा जास्त भरवशाचा, आणि राज्याचा हिशोब जिल्ह्यापेक्षा.

विजेच्या गाड्या वाढतील तसा विक्रीवरून केलेला हिशोब आणखी फुगणार आहे, कारण त्यांचे किलोमीटर रस्त्यावर मोजले जातात आणि पंपावर काहीच दिसत नाही. एक लिटर पेट्रोल म्हणजे ऊर्जेच्या मापाने ८.९ युनिट वीज. युनिटला ७ किलोमीटर जाणारी कार त्या हिशोबाने लिटरला ६२ देते. वीज बनवताना औष्णिक केंद्रात किती कोळसा जळाला, ते यात धरलेलं नाही.